दोनशे चौदा नंबरची ट्राम

दर रविवारी सकाळी नऊ वाजता दिनानाथ मेस्त्री गोदामाचं कुलूप काढायचे आणि पितळ घासायला बसायचे. घरून ते चिंचेचा कोळ आणि विटकरीची पूड घेऊन यायचे. ट्रामचे दांडे, कड्या, दिव्यांच्या कोंदणांच्या कडा, आणि सगळ्यांत शेवटी दारावरची नंबराची पाटी. अंबरनाथच्या त्या भागातल्या हवेत पितळ आठवडाभरही पिवळं राहत नसे. शनिवारपर्यंत काळं पडायचं, रविवारी मेस्त्री ते परत उजळायचे. नऊ वर्षं हे चाललं होतं.

गोदाम एमआयडीसीच्या टोकाला होतं, एका बंद पडलेल्या कारखान्याचं. बाहेर निळ्या रंगात लिहिलं होतं, ‘ट्राम संग्रहालय. रविवारी १० ते ५.’ आत एक ट्राम होती. तिच्याभोवती भिंतीला टेकवून ट्रॉलीबसच्या दोन लांब दांड्या, वरच्या विजेच्या तारेचा हातभर तुकडा, तिकिटांची एक पेटी आणि काही फोटो ठेवले होते. पगारी माणूस एकही नव्हता. जमेल त्याने रविवारी यायचं आणि जमेल ते काम करायचं, एवढाच नियम होता.

हे सगळं सुरू केलं विष्णुपंतांनी. ते एका कारखान्यात मोठे इंजिनियर होते, राहायला बदलापूरला. चौऱ्याऐंशी साली कामानिमित्त जांभूळला पाणी शुद्ध करण्याच्या केंद्रावर गेले असताना त्यांना शेतात एक ट्राम उभी दिसली. चाकं नव्हती, मोटर नव्हती, नुसता लाकडी डबा, आणि त्यात वरपर्यंत पेंढा भरलेला. शेत चंदर नावाच्या माणसाचं होतं.

“बापानं आणलेली ती मुंबईशी,” चंदर म्हणाला. “ट्रामा बंद झाल्या तवा. तुमाला नेवाची हाय त न्या. पन तिचे जागेवर मना पत्र्याची शेड उभी करून द्या. नायतर पेंढा काय तुमचे घरी ठेवू?”

विष्णुपंतांनी कारखान्यातले मित्र जमवले, चार रविवार खपून चंदरला शेड बांधून दिली आणि ट्राम अंबरनाथला आणली. मग त्यांनी स्टेशनाबाहेर एक कागद चिकटवला, ‘ट्रामची माहिती असणाऱ्यांनी भेटावे.’

मेस्त्री त्या कागदासमोर तीन दिवस येऊन उभे राहिले. मुंबईच्या ट्रामच्या कारखान्यात त्यांनी सव्वीस वर्षं सुतारकाम केलं होतं. ट्राम बंद झाल्यावर बसच्या डब्यांचं काम केलं, मग निवृत्त झाले. पण ‘माहिती असणारा’ म्हणजे कुणीतरी शिकलेला माणूस असणार, असं त्यांना वाटत होतं. चौथ्या दिवशी ते गेले आणि गोदामाच्या दाराशीच थांबले. आत आठ-दहा जण खिडकीची एक लाकडी झडप वर ओढायला धडपडत होते. ती हलत नव्हती. कुणीतरी हातोडी मागितली. तेव्हा मेस्त्री पुढे झाले. त्यांनी झडपेच्या डाव्या अंगाला तळहाताचा एक हलका फटका मारला, आणि झडप सुळकन वर गेली.

“तुम्ही कोण?” विष्णुपंतांनी विचारलं.

“मी या केल्यात,” मेस्त्री म्हणाले. मग घाईने म्हणाले, “म्हणजे आम्ही. पुष्कळ जण होतो.”

पहिली दोन वर्षं मजेची गेली. रविवारी अकरा जण असायचे. डबे एकत्र उघडायचे. एका शाळेच्या ग्रंथपाल कुमुदिनीबाई पाहुण्यांची वही सांभाळायच्या आणि सगळ्यांना चहा करायच्या. लाकूडकाम सगळं मेस्त्रींकडे होतं. ते बोलत फारसे नसत, पण कुणी विचारलं तर सांगत. बायकोला जाऊन तेव्हा एक वर्ष झालं होतं. एकुलती मुलगी उमा इंदूरला दिली होती.

पुढे माणसं कमी होत गेली. कुणाची बदली झाली, कुणाची मुलं दहावीला आली. टीव्हीवर रविवारी सकाळी पौराणिक मालिका लागायला लागल्या, तेव्हा सकाळचं यायचं बहुतेकांनी बंद केलं. भांडण काही झालं नाही, कुणी येत नाही म्हणूनही सांगितलं नाही. त्र्याण्णव साल उजाडलं तेव्हा विष्णुपंत महिन्यातून एकदा यायचे, कुमुदिनीबाई दोनदा. मेस्त्री दर रविवारी असायचे. सोमवार ते शनिवार त्यांच्याशी बोलायला तसं कुणी नव्हतं. दूधवालासुद्धा पिशवी दाराला अडकवून निघून जायचा. रविवारी निदान कुणी आलंच तर त्याला सांगायला काहीतरी असायचं.

आणि एक जण यायचाच. टेकचंद. मेस्त्रींच्याच वयाचा, उल्हासनगरचा, बटणांच्या दुकानाचा मालक. दुकान आता मुलगा बघायचा. टेकचंद फाळणीनंतर कराचीहून आलेला. पहिल्यांदा आला तेव्हा ट्रामभोवती एक फेरी मारून म्हणाला होता, “साईं, कराची में भी थी. मगर अपनी तार पे नहीं चलती थी, पेट्रोल पे चलती थी. बाप रे, क्या आवाज करती थी!” तेव्हापासून तो दर रविवारी तीनच्या सुमाराला यायचा, खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकावर बसायचा आणि पाचला उठायचा. मेस्त्रींचं हिंदी मोडकं आणि टेकचंदचं मराठी त्याहून मोडकं. निम्मा वेळ दोघं गप्पच असायचे.

त्र्याण्णवच्या ऑक्टोबरात गोदामाच्या मालकाचं पत्र आलं, मार्चपर्यंत जागा रिकामी करा. विष्णुपंतांनी मुंबईच्या एका मोठ्या संग्रहालयाला लिहिलं, आणि तिथून मीनल कारखानीस नावाच्या बाई पाहणीला आल्या. वयाने तिशीच्या, हातात मोठी वही, गळ्यात कॅमेरा. त्यांनी ट्राम सावकाश, आदराने पाहिली. मेस्त्रींना ते आवडलं.

“आमच्याकडे एकाच गाडीची जागा आहे,” त्या म्हणाल्या. “दुसरीकडेही एक डबा मिळतोय. तुमचा जास्त चांगला आहे, खरं सांगते. पण ही कोणती गाडी, हे आधी ठरायला हवं. नंबर कळला तर जुन्या नोंदींत तिचं साल मिळेल.”

“दोनशे चौदा,” विष्णुपंत म्हणाले आणि ट्रामच्या पुढे रंगवलेल्या आकड्यांकडे त्यांनी बोट दाखवलं.

“हे तुम्ही रंगवलंय ना? मूळचा कुठे आहे?”

“दारावर पितळी पाटी आहे की. तिच्यावरूनच रंगवला.”

मीनलबाई पाटीपाशी गेल्या. पाटी आरशासारखी लखलखत होती. त्यांनी तिच्यावरून बोट फिरवलं, मान तिरकी करून पाहिलं, मग परत बोट फिरवलं.

“इथे काहीच नाहीये.”

विष्णुपंतांनी चष्मा वर केला. कुमुदिनीबाई जवळ आल्या. पाटीवर चौघांचेही चेहरे दिसत होते, पण आकडा दिसत नव्हता. दोनाच्या शेपटाची एक पुसट रेघ होती, तीही आहे म्हटलं तर होती.

“मेस्त्री दर रविवारी घासतात हो,” कुमुदिनीबाई हलक्या आवाजात म्हणाल्या.

“कशाने?”

“चिंच,” मेस्त्री म्हणाले. “आणि विटकर.”

विष्णुपंतांना हसू आलं आणि रागही आला. “अहो मेस्त्री, देवाची भांडी आहेत का ही? नऊ वर्षं घासून घासून नंबर खाल्लात की तुम्ही!” मग मेस्त्रींचा चेहरा बघून ते ओशाळले. “आमचंही चुकलंच म्हणा. येईल त्याला आम्हीच सांगायचो, बघा कशी चमकते. एक फोटो काढून ठेवायचं सुचलं नाही कुणाला.”

“दुसरा काही पुरावा?” मीनलबाईंनी विचारलं. “कागद, शिक्का, कुठे खूण? दहा नोव्हेंबरला आमची बैठक आहे. तोवर मिळालं तर बघा. नाही मिळालं तर समिती दुसरीच गाडी घेईल.”

सगळ्यांनी मेस्त्रींकडे पाहिलं. मेस्त्री हातातल्या फडक्याकडे बघत राहिले. काही बोलले नाहीत.

बोलण्यासारखं मात्र होतं. ते उभे होते तिथून दोन हातांवर होतं.

ट्रामच्या कारखान्यात तीन-चार गाड्या एकदम उघडायच्या. सगळ्यांच्या खिडक्यांच्या झडपा काढून एका ढिगात ठेवायच्या, तासायच्या, रंगवायच्या. पण हाताने बनवलेल्या त्या झडपा. एका गाडीची झडप दुसरीच्या खाचेत कधी बसायची नाही. म्हणून सुतार झडपेच्या खालच्या कडेवर, जी भिंतीच्या आत राहते आणि कुणाला दिसत नाही, तिथे पटाशीने गाडीचा नंबर कोरून ठेवायचे. जांभूळच्या शेतातून ट्राम आली तेव्हा मूळच्या चारच झडपा उरल्या होत्या. त्या मेस्त्रींनी एकट्यानेच काढून दुरुस्त करून परत बसवल्या होत्या. चारही कडांवर दोनशे चौदा कोरलेलं होतं. हे जगात त्यांच्याशिवाय आता कुणाला ठाऊक नव्हतं.

घरी जाताना ते स्वतःला समजावत होते, आपल्याला नीट विचारलंच कुठे? बाईंनी पुरावा म्हटलं. झडपेची कड म्हणजे काय पुरावा? सुतारांची आपसातली खूण ती. दुसरी गाडी नेतील, आपली राहील. मार्चला अजून वेळ आहे. विष्णुपंत दुसरी जागा बघतील. नाही मिळाली तर मागच्या आवारात उभी करू, वर ताडपत्री घालू. आपण आहोतच.

पुढच्या रविवारी त्यांनी पितळ घासलं नाही. दहा वाजता बाहेरची पाटी सरळ केली आणि आत बसून राहिले. दिवसभर कुणी आलं नाही. तीनला टेकचंद आला. त्याला बातमी कुठून तरी लागली होती.

“क्या मिस्त्री, सुना तूने नंबर धो डाला!”

“चूक झाली.”

“अरे काहे की चूक! बहुत अच्छा किया.” टेकचंद आपल्या बाकावर बसला आणि त्याने चपला काढल्या. “बंबई ले जाते, काच के पीछे रखते. मेरे को कौन बैठने देता उधर? घर में बहू बोलती है, पापा, रोज दुकान पे मत बैठो. इतवार को भी घर में बैठूं तो बोलती है, पापा, टीवी के सामने मत बैठो. तो बैठूं किधर? इधर बैठता हूं.”

मेस्त्री हसले. बऱ्याच दिवसांनी हसले. “बसा, बसा. गाडी कुठे जात नाही.”

“नहीं ना?”

“नाही.”

पाच वाजता टेकचंद उठला. दाराजवळच्या फळीवर त्याने पाय टाकला आणि फळी कडकन वाजून आत गेली. घोट्यापर्यंत पाय अडकला.

“मिस्त्री! तेरी गाडी मेरे को खा गई!”

मेस्त्रींनी त्याचा पाय सोडवला. लागलं काही नव्हतं. टेकचंद शिव्या देत आणि हसत निघून गेला. मेस्त्री हत्यारांची पिशवी घेऊन फळी बदलायला बसले. तुटलेली फळी त्यांनी उचलली. तिचा पिठूळ भुगा बोटांना लागला. खाली बुडाची तुळई होती, जिच्यावर अख्खा डबा उभा होता. गेल्या पावसात पत्रा गळत होता तो नेमका इथे. मेस्त्रींनी पिशवीतून टोचा काढला. लाकूड आतून चांगलं आहे की नाही हे सुतार टोचा खुपसून बघतो. चांगल्या सागात टोक दोन सुतांपलीकडे जात नाही.

टोचा मुठीपर्यंत आत गेला. जोर लावावा लागला नाही.

त्यांनी हातभर पुढे खुपसून पाहिला, तिथेही तेच. ते पोटावर आडवे झाले आणि डब्याखाली सरकत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत खुपसत गेले. मागचा भाग ठीक होता. पुढचा एक तृतीयांश गेला होता. असं काहीतरी झालं असेल, हे त्यांना वर्षभर वाटत होतं. म्हणूनच वर्षभरात त्यांनी खाली टोचा लावला नव्हता. ताडपत्रीखाली एक पावसाळा निघाला असता. दोन निघाले नसते.

बराच वेळ ते तसेच खाली पडून राहिले. मग उठले, कपडे झटकले आणि नवी फळी ठोकली.

सोमवारी सकाळी ते बदलापूरला विष्णुपंतांच्या घरी गेले. इतक्या वर्षांत कधी गेले नव्हते. विष्णुपंतांनी आत बोलावलं, पण ते पायरीवरच उभे राहिले आणि झडपांचं सगळं एका दमात सांगून टाकलं.

“मग त्या दिवशी का नाही बोललात?” विष्णुपंत म्हणाले.

“कुणी विचारलं नाही,” मेस्त्री म्हणाले. मग थोडं थांबून म्हणाले, “तसं नाही साहेब. ती जाऊ नये असं वाटत होतं.”

“चहा घ्या,” विष्णुपंत एवढंच म्हणाले.

त्या रविवारी मीनलबाई परत आल्या. मेस्त्रींनी खिडकीच्या कडेची पट्टी सोडवली, झडप अलगद वर काढली आणि उलटी करून बाकावर ठेवली. कडेवर तीन आकडे होते, नखाएवढ्या खोलीचे, इंग्रजीत. मीनलबाईंनी त्यावर पातळ कागद धरला आणि पेन्सिल आडवी फिरवली. कागदावर आकडे उमटले. चारही झडपांचे असे ठसे त्यांनी घेतले. शेवटच्या झडपेपाशी त्या थांबल्या.

“इथे चाराच्या आकड्याचं डोकं उघडं आहे. बाकीच्यांवर मिटलेलं आहे.”

“हात वेगळा,” मेस्त्री म्हणाले. “मी उघडं ठेवायचो. मिटवायला गेलं की मधला तुकडा उडतो.”

“म्हणजे हे तुम्ही कोरलंय?”

“हो. बहुतेक.”

मीनलबाईंनी वही उघडली. “काका, हे वहीत लिहून घेते. तुमचं पूर्ण नाव सांगा.” मेस्त्रींनी नाव सांगितलं आणि बुडाची तुळई कुठे गेली आहे तेही त्यांना नीट दाखवलं. उचलताना पट्टे पुढून लावू नका, मागून लावा, असं दोनदा सांगितलं.

तोवर तीन वाजले होते आणि टेकचंद दारात उभा होता. त्याने बाकावरच्या झडपा पाहिल्या, कागद पाहिले, कॅमेरा पाहिला.

“तूने दिखाया?”

“हो.”

“मेरे को बोला था, नहीं जाएगी.”

“बोललो होतो.” मेस्त्रींना तुळईचं सांगायचं होतं, पण सडक्या लाकडाला हिंदीत काय म्हणतात ते आठवेना. “खालून गेली हो ती. पूरी गेली.”

“मैं भी नीचे से गया हुआ है,” टेकचंद म्हणाला. “मेरे को कौन ले जाता है?” तो वळला आणि निघून गेला. पुढच्या रविवारी तो आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही.

ट्राम जानेवारीत गेली. सकाळीच लांब ट्रेलर आला, क्रेन आली. विष्णुपंत होते, कुमुदिनीबाई पेढे घेऊन आल्या होत्या. जुन्या अकरांपैकी सहा जण आले आणि फोटो निघाले. पट्टे मागून लावले गेले. सगळं ठीक झालं. गोदामात जमिनीवर फिकट सिमेंटचा लांबलचक चौकोन उरला. संग्रहालयाची पाटी कुणी काढायची यावर थोडी चर्चा झाली आणि ती तशीच राहिली. “आता मुंबईला उद्घाटनाला भेटू,” असं सगळे म्हणाले.

त्यानंतरच्या रविवारी मेस्त्री सवयीने सहा वाजता उठले. अंघोळ झाली, देवपूजा झाली, भात टाकला. नऊ वाजले. साडेनऊ वाजले. उमाला पत्र लिहायला बसले. ‘इकडे सर्व क्षेम’ लिहून झालं आणि पुढे काही सुचेना. दुपारी त्यांनी शर्ट बदलला आणि उल्हासनगरला गेले.

टेकचंदचा पत्ता त्यांना माहीत नव्हता. नऊ वर्षांत आडनावसुद्धा विचारलं नव्हतं. कुमुदिनीबाईंच्या वहीत त्याने प्रत्येक वेळी एवढंच लिहिलं होतं, ‘टेकचंद, कॅम्प ४’. मेस्त्री कॅम्प चारच्या बाजारात शिरले आणि बटणांची दुकानं विचारत हिंडले. पहिल्या दुकानात टेकचंद नावाचं कुणी नव्हतं. दुसऱ्यात होतं, पण तो विशीतला होता. “चाचा, कौनसा टेकचंद? यहां तो हर गली में एक है,” तो हसत म्हणाला. गल्ल्या अरुंद होत्या, शिवणयंत्रांचा आवाज चालू होता, वर कापडाचे तागे लोंबत होते. एकदा तर मेस्त्री हिंडून त्याच चौकात परत आले. परत जावं असं दोनदा वाटलं. भेटला तरी काय बोलायचं, हे ठरलं नव्हतंच.

पाचव्या दुकानात टेकचंद गल्ल्याशेजारी स्टुलावर बसला होता. मुलगा जेवायला गेला असावा. मागे छतापर्यंत पत्र्याचे लहान लहान डबे रचलेले होते, प्रत्येकावर एकेक बटण तारेने बांधलेलं.

टेकचंदने मान वर करून पाहिलं आणि परत खाली घातली.

“क्या चाहिए?”

मेस्त्री दुकानाच्या फळीशी उभे राहिले. त्यांना काहीच नको होतं.

“बटण,” ते म्हणाले.

“कितना?”

“चार.”

“चार दर्जन?”

“नाही. चार.”

“होलसेल का दुकान है. चार बटन कोई लेता है?” टेकचंद बोलत होता, पण उठला होता. “किसके लिए? शर्ट का, कोट का?”

“शर्टाचं.”

“रंग?”

रंगाचा मेस्त्रींनी विचार केला नव्हता. त्यांनी अंगातल्या शर्टाकडे पाहिलं. त्याची सगळी बटणं जागच्या जागी होती. टेकचंदनेही ती पाहिली. पायाने त्याने कोपऱ्यातलं दुसरं स्टूल पुढे ढकललं, शिडी लावली आणि पांढऱ्या बटणांचे डबे एकेक करून खाली काढायला सुरुवात केली.